जोहान्सबर्गमधील न सापडलेले कागद

कर्करोगावरील उपचारांच्या चाचणीची विश्वासार्हता मुख्यतः दोन गोष्टींवर उभी असते. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवणे, म्हणजे यादृच्छिक वाटणी, ही पहिली. आणि प्रत्येक रुग्णाची मूळ कागदपत्रे त्रयस्थाला केव्हाही तपासता येतील अशी जपणे, ही दुसरी. स्तनाच्या कर्करोगावरील अतिमात्रा केमोथेरपीच्या इतिहासात पहिली गोष्ट झाल्याचे कागदोपत्री भासवले गेले आणि दुसरीची मागणी होईपर्यंत हजारो स्त्रिया त्या उपचारातून गेल्या होत्या.

या उपचारामागील तर्क सरळ होता. औषधाची मात्रा वाढवल्यास अधिक कर्करोगपेशी मरतील, परंतु त्याबरोबर रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही नष्ट होईल; म्हणून रुग्णाची मज्जा किंवा मूलपेशी आधी काढून गोठवून ठेवायच्या आणि औषधांनंतर पुन्हा शरीरात सोडायच्या. १९८०च्या दशकातील सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक वाटले, मात्र त्यांत तुलना होती ती पूर्वीच्या सर्वसाधारण रुग्णांशी. इतका कठोर उपचार सोसू शकतील अशाच, म्हणजे तुलनेने तरुण आणि धडधाकट, स्त्रियांची त्यासाठी निवड होत असल्याने परिणामाचे श्रेय किती औषधाचे आणि किती निवडीचे, हे त्यातून कळण्याजोगे नव्हते.

हा प्रश्न सुटण्याआधीच उपचार अमेरिकेत रूढ झाला. सुरुवातीला एका रुग्णामागे लाखभर डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च येत असे, आणि उपचार प्रायोगिक असल्याचे सांगून विमा कंपन्या तो नाकारत. १९९३च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने अशाच एका मृत महिलेच्या कुटुंबाला सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला आणि पुढच्याच वर्षी संघराज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या विमा योजनांना हा खर्च उचलण्यास सांगितले. विमा कंपनीला पैसे वाचवण्यात रस आहे, हे सर्वांना दिसत होते. परंतु प्रत्यारोपण विभाग हे रुग्णालयांच्या उत्पन्नाचे मोठे साधन झाले होते आणि त्या उत्पन्नाचा डॉक्टरांच्या सल्ल्याशी काही संबंध असू शकतो, हे क्वचितच बोलले गेले. पैसे भरून किंवा विम्यावर जो उपचार थेट मिळतो, त्यासाठी चिठ्ठीचा धोका पत्करण्यास रुग्ण तयार होईनात, त्यामुळे खऱ्या चाचण्या रेंगाळल्या.

या पोकळीत जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातील वेर्नर बेझवोडा यांचा १९९५चा शोधनिबंध आला. शरीरात पसरलेला स्तनकर्करोग असलेल्या ९० स्त्रियांची यादृच्छिक वाटणी केल्याचे त्यात म्हटले होते. अतिमात्रा गटातील ४५पैकी २३ जणींचा कर्करोग तपासणीत पूर्णपणे दिसेनासा झाला, तर तुलनेच्या गटात केवळ दोघींचा, असा त्याचा दावा होता. १९९९च्या मे महिन्यात अटलांटा येथील कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत इतर चाचण्यांनी आयुर्मानात ठोस फायदा दाखवला नाही, तेव्हाही बेझवोडा यांनी १५४ स्त्रियांच्या नव्या चाचणीत मोठा फायदा झाल्याचे मांडले. अमेरिकेत त्याच औषधयोजनेची मोठी चाचणी घेण्याचा विचार सुरू झाला आणि त्याची पूर्वतयारी म्हणून २०००च्या जानेवारीअखेर अमेरिकी तज्ज्ञांचे एक पथक मूळ नोंदी पाहण्यासाठी जोहान्सबर्गला गेले.

तेथे १५४पैकी केवळ ५८ रुग्णांच्या नोंदी समोर ठेवल्या गेल्या आणि त्या सर्व अतिमात्रा घेतलेल्या स्त्रियांच्या होत्या. ज्यांच्याशी तुलना केली असे सांगितले होते, त्यांपैकी एकीचीही फाइल त्यांत नव्हती. सही असलेले एकही संमतीपत्र दिसले नाही, आणि मानवी प्रयोगांना परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीकडे या उपचाराला मंजुरी दिल्याची नोंद नव्हती. तुलनेच्या गटाला दिलेली औषधे परिषदेत सांगितल्यापेक्षा वेगळी होती, अशी कबुली बेझवोडा यांनी दिली आणि मार्चमध्ये विद्यापीठाने त्यांना बडतर्फ केले. नंतर १९९५च्या निबंधाचीही तपासणी झाली. ९०पैकी ६१ रुग्णांचा माग लागला. पात्रता पडताळता येईल इतके कागद केवळ २७ जणींचे होते आणि त्यांतील १८ जणी चाचणीच्या निकषांत बसत नव्हत्या. चाचणीचा आराखडा म्हणून दाखवलेला दस्तऐवज तर चाचणी सुरू झाल्यानंतर नऊ वर्षांनी, खास तपासणीसाठी तयार केलेला होता. २००१ मध्ये निबंध मागे घेण्यात आला.

या घटनेशेजारी मॉन्ट्रियलच्या सेंट लुक रुग्णालयातील रॉजर पुआसाँ यांचे प्रकरण ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. स्तनकर्करोगावरील ज्या चाचणीत ते रुग्ण नोंदवत होते, तिच्या पिट्सबर्ग येथील मध्यवर्ती कार्यालयात १९९०मध्ये एकाच रुग्णाच्या शस्त्रक्रियेचे दोन अहवाल आढळले, ज्यांत तारखेखेरीज सारे सारखे होते. त्या धाग्यावरून अपात्र रुग्णांना चाचणीत बसवण्यासाठी केलेले अनेक फेरफार उघड झाले. लोकांना हे कळले मात्र १९९४मध्ये. परंतु ती चाचणी अनेक केंद्रांत विखुरलेली असल्याने पुआसाँ यांचे रुग्ण वगळून फेरगणना करता आली आणि गाठ काढून किरणोपचार देणे हे पूर्ण स्तन काढण्याइतकेच सुरक्षित आहे, हा निष्कर्ष टिकला. जोहान्सबर्गमध्ये एकच केंद्र आणि नोंदींचा एकच रखवालदार असल्यामुळे वगळून उरण्यासारखे काही नव्हते.

एप्रिल २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अतिमात्रा गटात ३२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ३८ टक्के होते, म्हणजे फायद्याचा पुरावा नव्हता. तोवर अमेरिकेत या उपचारातून गेलेल्या स्त्रियांची संख्या अंदाजे २३,००० ते ४०,००० झाली होती. बेझवोडा यांनी आकडे रचले, पण त्यांना पाच वर्षे तपासणीशिवाय मान मिळाला तो ते आकडे ऐकण्याची इच्छा रुग्ण, रुग्णालये आणि तज्ज्ञ या साऱ्यांनाच असल्यामुळे. हितसंबंध हा शब्द पैशापुरता मर्यादित नाही, हे या प्रकरणातून दिसते. आणि ज्या चाचणीचा निष्कर्ष सर्वांना हवासा वाटतो तिचीच कपाटे आधी उघडावी लागतात, हेही.