सिल्व्हर ब्रिज दुर्घटना-तपास

अमेरिकेत ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज हा झुलता पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी कोसळला व ४६ माणसे दगावली; त्याच्या कारणांचा शोध. भंगपृष्ठ वाचून दोषी भाग कसा हुडकावा, याचा हा नमुनेदार तपास मानला जातो.

वेस्ट व्हर्जिनियातील पॉइंट प्लेझंट आणि ओहायोतील गॅलिपोलिस या गावांदरम्यानचा हा पूल १९२८ मध्ये खुला झाला. ॲल्युमिनियमच्या रंगामुळे त्याला हे नाव पडले. तो तारांच्या दोरखंडांवर नव्हे, तर पोलादी पट्ट्यांच्या साखळ्यांवर तोललेला होता. पट्टीच्या दोन्ही टोकांना भोक आणि त्यातून ओवलेली पिन, अशी जोडणी. जुन्या साखळीपुलांत एकेका कडीत अनेक पट्ट्या असत. येथे उष्णतासंस्कार केलेल्या जास्त ताकदीच्या पोलादाच्या भरवशावर दोनच ठेवल्या. काटकसर हिशेबात बसत होती, पण एक पट्टी तुटल्यावर उरलेल्या एकटीला भार पेलणे शक्य नव्हते. मनोरेही साखळीच्या ताणामुळेच उभे होते.

अफवांना ऊत आला. परिसरात दिसल्याचे सांगितल्या जाणाऱ्या ‘मॉथमॅन’ नावाच्या पंखवाल्या प्राण्यावरही ठपका आला. तपासणाऱ्यांनी मात्र नदीतून सांगाडा काढून तुकडे मूळ क्रमाने जमिनीवर मांडले. बहुतेक भाग वाकून, ताणून तुटलेले होते, म्हणजे ते पडता पडता मोडले. ओहायोच्या बाजूची ३३० क्रमांकाची पट्टी वेगळी निघाली. तिच्या भोकाची एक बाजू जवळजवळ न ताणता, ठिसूळपणे तडकली होती; दुसरी नंतर वाकून तुटली होती. ठिसूळ भंगाच्या मुळाशी भोकाच्या आतल्या कडेवर सुमारे २.५ मिलिमीटर खोलीची, गंजलेली जुनी चीर सापडली.

ताणाखाली होणारा गंज आणि गंजामुळे बळावणारी धातूची शिणवट, या दोहोंनी मिळून ती चीर चाळीस वर्षे वाढवली, असा राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष होता. या पोलादाचा चिवटपणा कमी असल्याने एवढीशी चीरही घातक ठरली. पुलाचा आराखडा झाला तेव्हा गावाकडच्या हवेत अशा पोलादाला हा धोका असल्याचे अभियंत्यांना ठाऊक नव्हते. त्यांना सर्वस्वी दोषी धरणे अन्यायाचे होईल. चीर पिनेजवळ दडलेली असल्याने सांधा उकलल्याशिवाय दिसणेही शक्य नव्हते. तपासताच येणार नाही असा सांधा बांधणे, ही खरी चूक.

या दुर्घटनेनंतर अमेरिकेत पूल-तपासणीची राष्ट्रीय मानके आली (१९७१) आणि दर दोन वर्षांनी तपासणीचा दंडक पडला. नदीच्या वरच्या अंगाला सेंट मेरीज येथे याच रचनेचा जोडपूल होता. त्याचे सांधेही तपासता येत नव्हते, म्हणून तो वाहतुकीला बंद करून १९७१ मध्ये पाडण्यात आला.