इम्प्लांटची कॅप सैल झाली तर…

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात चढविण्याची पद्धत आता लहान गावांतील रुग्णांनाही परिचित झाली आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये असे टायटॅनियमचे रोपण प्रथम रुग्णावर केले. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवते, हा त्यामागील आधार. तरीही काही वर्षांनी, क्वचित काही महिन्यांतच, वरची कॅप हलू लागते. घाबरून जाण्याचे कारण नसले, तरी दुर्लक्षही परवडणारे नाही.

नेमके काय सैल होते?

इम्प्लांटचे तीन भाग असतात. हाडातील मूळ स्क्रू, त्यावर बसणारा जोडभाग म्हणजे अ‍ॅबटमेंट आणि वरची कॅप. अ‍ॅबटमेंट एका बारीक स्क्रूने मुळाशी जखडलेले असते. कॅप सिमेंटने चिकटवलेली किंवा स्क्रूने आवळलेली असते. बहुतेक वेळा हा बारीक स्क्रू ढिला होतो किंवा सिमेंट सुटते. ही दुरुस्ती तुलनेने सोपी असते. मात्र हाडातील मूळ स्क्रूच हलत असेल, तर हाडाची पकड गेलेली असते व बहुधा तो काढावाच लागतो. हा फरक रुग्णाला घरी ओळखता येत नाही. तपासणी व क्ष-किरण चित्र यांनीच तो कळतो.

कारणे

नैसर्गिक दात व हाड यांच्यामध्ये दाब शोषणारा तंतूंचा पातळ थर असतो. इम्प्लांटला तो नसतो. त्यामुळे चावण्याचा सगळा भार थेट स्क्रूवर येतो. झोपेत दात खाण्याची सवय, कॅपची उंची किंचित जास्त असणे, सुटे भाग नीट न जुळणे, स्क्रू पुरेसा न आवळणे ही नेहमीची कारणे होत. प्रवरेच्या काठी ऊस दातांनी सोलून खाण्याची सवय जुनी आहे. इम्प्लांट असलेल्यांनी ती सोडलेली बरी. सुपारी व हाडे फोडणेही टाळावे.

तातडीने काय करावे?

त्या बाजूने चावणे लगेच थांबवावे व मऊ आहार घ्यावा. कॅप जिभेने वा बोटाने हलवून पाहू नये. सैल स्क्रूवर चावत राहिल्यास तो तुटतो आणि तुटलेला तुकडा काढणे अवघड असते. कॅप निघाली असल्यास धुऊन लहान डबीत जपून ठेवावी. बाजारातील झटपट चिकटणारा गोंद मुळीच वापरू नये. त्याने हिरडीला इजा होते व कॅप पुन्हा नीट बसत नाही. मऊ ब्रशने ती जागा स्वच्छ ठेवावी. अ‍ॅबटमेंटही निघाले असेल, तर हिरडी त्या जागी लवकर झाकू लागते. म्हणून एक-दोन दिवसांतच दंतवैद्यांना दाखवावे.

कॅप गिळली गेल्यास ती बहुधा शौचावाटे निघून जाते, तरी डॉक्टरांना कळवावे. मात्र ठसका थांबत नसेल किंवा श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर ती श्वासनलिकेत गेलेली असू शकते. अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे. सूज, पू, ताप वा वेदना हीदेखील त्वरित तपासणीची लक्षणे आहेत.

दंतवैद्य काय करतात?

क्ष-किरण चित्र काढून झाल्यावर जुना स्क्रू पुन्हा आवळला जातो वा नवा घातला जातो. तो किती आवळायचा हे हाताच्या अंदाजाने ठरत नाही. मोजमापी पान्याने, अनेक प्रणालींत ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर इतका जोर लावतात. काही मिनिटांनी पुन्हा एकदा आवळल्यास पकड अधिक टिकते. कॅप पुन्हा चिकटवल्यास हिरडीखाली सिमेंट राहणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. ते राहिल्यास हाड झिजविणारा दाह होऊ शकतो. शेवटी चावण्याचा दाब तपासला जातो. दात खाण्याची सवय असल्यास रात्री घालण्याचे संरक्षक कवच दिले जाते.

कार्ड जपून ठेवा

बेलापूर येथील एखाद्या रुग्णाने इम्प्लांट पुण्यात वा मुंबईत बसविलेला असेल, तर प्रत्येक वेळी तेथे जाणे शक्य होत नाही. जवळच लोणी येथे प्रवरा संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. परंतु प्रत्येक कंपनीचा स्क्रू व त्याचा पेचकस वेगळा असतो. इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी व बसविल्याची तारीख लिहिलेले कार्ड हाती असेल, तर दुसऱ्या दंतवैद्यांचे काम सुकर होते. शस्त्रक्रियेच्या वेळीच ते मागून घ्यावे.

वर्षातून किमान एकदा तपासणी, मधुमेहावर नियंत्रण आणि तंबाखू-मिश्रीपासून दूर राहणे ही पथ्ये पाळल्यास इम्प्लांट दीर्घकाळ साथ देतो.