काचेची कल्हई

मंडळी, कल्हईवाला आठवतो ना? भाता, कोळसे, तापलेलं पितळेचं पातेलं, नवसागराची चिमूट, नाकात जाणारा धूर, आणि कथलाची काडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं गरकन फिरवलेला हात. आमच्या हरसूलकडे तो येईनासा झाला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज लिहायचंय ते मात्र काचेवर चढवलेल्या कथलाबद्दल. मी पडलो आर्ट्सचा, तेव्हा विज्ञानवाले सांभाळून घेतीलच.

काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. तांब्यातून वीज जाते, उजेड जात नाही. मोबाइलच्या पडद्याला आणि काही जातींच्या सौर घटांना मात्र दोन्ही हवं असतं. १९०७ साली कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञानं कॅडमियम धातूचा पातळ थर हवेत तापवला. त्याचं ऑक्साइड झालं, आणि तो थर पारदर्शक असूनही वीज वाहून नेऊ लागला. (आपल्याला बेडेकर म्हटलं की लोणचं आठवतं, हे घराणं प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांचं!) १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि त्यातच हा माणूस मारला गेला. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या पुढच्या काचेवर बर्फ साचू नये म्हणून कथलाच्या ऑक्साइडचा थर देऊन त्यातून वीज सोडत. काच गरम राही आणि वैमानिकाला समोरचं दिसे.

पुढे इंडियम आलं. त्यात थोडं कथील मिसळून केलेला थर सर्वांत सरस ठरला. पण इंडियम निघतं जस्ताच्या शुद्धीकरणात, तेही थोडं थोडं; आणि थर द्यायला निर्वात पेटी, पंप अशी महागडी यंत्रं लागतात. आपल्याकडे मग कुणी काय केलं? दिल्लीच्या आयआयटीतले कस्तुरीलाल चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली या पारदर्शक वाहकांचा मोठा आढावा लिहिला. आणि १९६२ साली स्थापन झालेल्या आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, पदार्थविज्ञान विभागात, फवारणीची वाट धरली गेली.

ही पद्धत कल्हईच्या जवळची म्हणून मला भावली. कथलाचं क्लोराइड पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, त्यात थोडं अमोनियम फ्लोराइड घालायचं. काच साडेचारशे-पाचशे अंशांवर तापवायची आणि दाबाच्या हवेनं त्यावर बारीक तुषार सोडायचे. थेंब पोचतो, पाण्याची वाफ होते, क्लोरिन आम्लाच्या धुरातून निघून जातो, मागे कथलाचं ऑक्साइड राहतं. जाडी केसाच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी. ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन लागतात, त्याच्या जागी बसलेल्या फ्लोरिनला एकच. उरलेला मोकळा फिरतो, तोच वीज वाहतो. फरक एवढाच की कल्हईवाल्याला ऑक्साइड नकोच असतं, नवसागर त्यासाठीच. इथे ऑक्साइडच हवं.

हातखंडा मात्र दोन्हीकडे लागतो. काच थंड असली तर डाग पडतात, फार तापली तर थेंब वाटेतच सुकून भुकटी होते. बरंचसं द्रावण वाया जातं, आणि धूर बाहेर काढायची सोय नसेल तर छातीचं काही खरं नाही. स्वस्त म्हणजे सोपं, असं समजू नये.

कोल्हापूरचे प्रा. पी. एस. पाटील यांनी १९९९ साली याच फवारणी पद्धतीवर एक आढावा लिहिला, आणि तो परदेशी नियतकालिकात छापून आला. कोणकोणते थर या पद्धतीनं देता येतात, फवाऱ्याच्या किती तऱ्हा आहेत, हे त्यात मांडलंय. मला यातलं मोल वेगळं वाटतं. पंपाला पैसे मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, की कॉम्प्रेसर, शेगडी आणि फवारा घेऊन कामाला लागायचं? दुसरी वाट धरल्यामुळे साध्या प्रयोगशाळेतल्या पोरांनाही जगापुढे ठेवण्याजोगं काम करता आलं.

मोबाइलच्या पडद्यावर इंडियमच टिकून राहिलं, हेही खरं. पण मोठ्या काच कारखान्यांत काचेचा पट्टा गरम असतानाच त्याच्यावर कथलाच्या संयुगाची वाफ सोडतात. तीच काच इमारतींच्या खिडक्यांना आणि सौर पत्र्यांनाही जाते. तुमच्यापैकी कुणी अशा प्रयोगशाळेत हात काळे केले असतील तर जरूर लिहा, आम्हा आर्ट्सवाल्यांना समजेल अशा भाषेत.