मळसूत्रांचा मेळ

दूरचित्रवाणीच्या संचाचें वजन पूर्वीं टेबल सोशीत असे. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, त्या काळचा संच म्हणजे कांचेच्या मोठ्या नळीची अवजड पेटी होती. पुढें पडदा पातळ झाला, संच भिंतीवर चढला, आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नसतें अशा मूठभर मळसूत्रांवर सारा भार येऊन पडला. त्या संचाखालीं घरांतलीं मुलें बसतात, खेळतात. म्हणून हीं मळसूत्रें कोणतीं असावींत हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. तो नीट समजण्यास मात्र दोनशें वर्षें मागें गेलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील प्रत्येक कारखाना आपल्या मापाचें मळसूत्र कापी. एका बोल्टाचा नट दुसऱ्यास बसत नसे. यंत्राचा एक बोल्ट मोडला तर तें यंत्र जेथें घडलें त्याच कारखान्याचें तोंड पाहावें लागे. हेन्री मॉड्स्ले ह्यानें १८०० च्या सुमारास अचूक आटे कापणारें लेथ-यंत्र सिद्ध केलें; परंतु एका कारखान्याची अचूकता दुसऱ्याच्या उपयोगीं कशी पडावी? हें कोडें मॉड्स्लेच्याच हाताखालीं काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें सोडविलें. त्यानें अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचीं मापें घेऊन सरासरी काढली, आणि १८४१ सालीं ती स्थापत्य-अभियंत्यांच्या संस्थेपुढें मांडली. आट्याचा कोन ५५ अंशांचा, आणि प्रत्येक जाडीस इंचामागें आट्यांची संख्या ठरलेली, अशी ती योजना होती. आपलेंच माप खरें असा हट्ट त्यानें धरला नाहीं. प्रत्येकानें थोडें सोडावें आणि सर्वांचें काम चालावें, ह्या धोरणामुळेंच आगगाडीच्या कारखान्यांनीं ती योजना उचलली.

१८५३ सालीं मुंबई-ठाणें लोहमार्ग सुरू झाला. आगगाडी व गिरण्या यांच्या यंत्रांबरोबर विलायती इंच आपल्या कारागिरांच्या हातीं रुळला. इंचाच्या आठव्या भागास आपले मिस्त्री ‘सूत’ म्हणतात, आणि पाव इंची बोल्टास ‘दोन सुती’. हा शब्द अजून दुकानांतून ऐकूं येतो. त्याचें महत्त्व पुढें दिसेलच.

अमेरिकेनें मात्र निराळी वाट धरली. विल्यम सेलर्स ह्यानें १८६४ सालीं फिलाडेल्फिया येथें ६० अंशांच्या कोनाचा, सपाट माथ्याचा आटा सुचविला. व्हिटवर्थच्या गोल माथ्यापेक्षां तो कापण्यास सोपा होता. अर्ध्या इंचाच्या बोल्टास इंचामागें व्हिटवर्थचे १२ आटे, तर सेलर्सचे १३. एका आट्याचा हा फरक दुसऱ्या महायुद्धांत महाग पडला. मित्रराष्ट्रें एका बाजूनें लढत असतां त्यांचे नट-बोल्ट मात्र परस्परांशीं असहकार करीत होते. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनीं ६० अंशांच्या समान आट्यावर करार केला. युरोपांत मिलिमीटरवर आधारलेला आटा झुरिच येथील परिषदेनें १८९८ सालींच ठरविला होता. १९४७ सालीं आंतरराष्ट्रीय मानक संघटना उभी राहिली, तेव्हां तिच्या पहिल्या क्रमांकाच्या समितीकडे मळसूत्राचाच विषय आला. आपल्या देशानें १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें स्वीकारलीं.

संचाच्या पाठीवरील चार भोंकें ह्या तडजोडीचें फळ होत. त्यांचें परस्परांतील अंतर ‘व्हेसा’ नांवाच्या संघटनेनें ठरविलेलें असतें. लहान पडद्यांस ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौरसांत एम ४ चीं मळसूत्रें. मोठ्यांस बहुधा २०० च्या पटींत, एम ६ किंवा एम ८ चीं. येथेंच जुन्या डब्यांतला बोल्ट दगा देतो. अडीच सुती बोल्टाची जाडी ७.९४ मिलिमीटर, डोळ्यांस तो एम ८ च वाटतो. परंतु त्याच्या दोन आट्यांमधील अंतर १.४१ मिलिमीटर, आणि एम ८ चें १.२५. दोनएक फेरे जाऊन तो अडतो. वर जोर केला कीं संचांतले आटे कायमचे जातात. योग्य मळसूत्र पहिले कांहीं फेरे नुसत्या बोटांनीं आंत गेलें पाहिजे. लांबीही पाहावी: आंखूड असल्यास पकड अपुरी राहते, अधिक लांब असल्यास पट्टी घट्ट होण्यापूर्वींच तें तळास टेकतें, अथवा आंतील भाग दुखावतें. भोंकांत बारीक काडी हलकेच घालून खोली मोजावी, तींत पट्टीची जाडी मिळवावी, आणि त्या बेरजेहून किंचित् कमी लांबी घ्यावी.

भिंतीच्या बाजूस प्रकार वेगळा आहे. विटेंत आटे नसतात. तेथें पकड निर्माण करावी लागते. पूर्वीं भिंतींत लांकडी खुंटी ठोकून तींत स्क्रू पिळीत. जॉन रॉलिंग्ज ह्यानें १९११ च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या भिंतींवर विजेचें सामान बसवितांना तागाचे तंतू जनावरांच्या रक्तानें चिकटवून एक गिट्टी बनविली. स्क्रू आंत शिरतांच ती फुगून भोंकाच्या कडा धरी. जर्मनीच्या आर्तुर फिशरनें १९५८ सालीं नायलॉनची गिट्टी काढली. आज दुकानांत मिळणारी गिट्टी हिचीच वंशज. भोंक गिट्टीच्याच मापाचें असावें, धूळ काढलेली असावी, आणि गिट्टी गिलाव्यांत न राहतां विटेंत पोंचलेली असावी. गिलाव्यास वजन पेलण्याची शक्ति नाहीं. पोकळ पाटिशनला ही गिट्टी चालतच नाहीं. तेथें आंतील चौकट शोधून तींतच स्क्रू घ्यावा.

संचाच्या बाजूचा तंटा शंभराहून अधिक वर्षें चालून मिटला. तेथें आपणांस केवळ मापाशीं माप जुळवावयाचें असतें. भिंतीचा करार मात्र कोणत्याच परिषदेनें केलेला नाहीं. जुन्या वाड्याची मातीची भिंत, चाळीची विटेची आणि नव्या इमारतीची काँक्रीटची, यांना एकच नियम लागूं पडत नाहीं. म्हणून मिस्त्री आला असतां त्यास दोन प्रश्न अवश्य विचारावे: संचाचें मळसूत्र किती मिलिमीटरचें, आणि गिलाव्यामागें काय आहे? पहिल्याचें उत्तर पुस्तिकेंत सांपडेल. दुसऱ्यासाठीं भिंतीलाच विचारलें पाहिजे.