लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी आणि निर्णयानंतर

अतिस्थूलता हा एकेकाळी मोठ्या शहरांतील सुखवस्तू घरांचा विकार मानला जात असे. तो समज आता मागे पडला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. पथ्य, व्यायाम आणि औषधे करूनही ज्यांचे वजन उतरत नाही आणि मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांनी ज्यांना ग्रासले आहे, अशा रुग्णांपुढे शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवला जातो. ही शस्त्रक्रिया एक-दोन तासांत आटोपते. तिच्यामागून येणारा उपचार मात्र जन्मभराचा असतो. लातूर-नांदेड मार्गावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होईल; पुढची सारी वर्षे मात्र गावातच काढायची असतात.

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेची चर्चा घराघरांत पोहोचली ती दोन घटनांमुळे. भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ती करून घेतली. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. मार्चमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलविण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. पहिल्या घटनेवरून ‘हा तर सोपा उपाय’ आणि दुसऱ्या घटनेवरून ‘हा तर जिवाशी खेळ’ असे दोन टोकाचे समज पसरले. प्रत्यक्ष स्थिती या दोहोंच्या मधली आहे.

कोणासाठी?

निर्णयाचा पहिला आधार म्हणजे बॉडी मास इंडेक्स अर्थात बीएमआय. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा अंक मिळतो. १६० सेंटिमीटर उंची आणि १०० किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बीएमआय ३९ येतो. अमेरिकेतील तज्ज्ञ परिषदेने १९९१ मध्ये बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ च्या पुढे आणि सोबत गंभीर आजार, असा निकष ठरविला होता.

भारतीयांना हा निकष जसाच्या तसा लागू पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वजनाच्या काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे असू शकतात. म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार सोबत असल्यास ३२.५, अशी खालची मर्यादा सुचविली. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हे वजन अनुक्रमे ९६ आणि सुमारे ८३ किलो होते. आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये हे निकष आणखी शिथिल केले. तथापि मर्यादा ओलांडली म्हणजे शस्त्रक्रिया केलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ नव्हे.

थायरॉइड किंवा अन्य ग्रंथींच्या विकारामुळे वजन वाढले असेल तर आधी त्यावर उपचार होतात. मद्याचे व्यसन, उपचार न झालेला मानसिक आजार किंवा भूल न पेलणारे हृदय असेल तर शस्त्रक्रिया टाळली अथवा पुढे ढकलली जाते.

प्रकार आणि कार्य

आज बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, लहान छिद्रांद्वारे होतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. काढलेले जठर पुन्हा जोडता येत नाही. ‘बायपास’ प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी एक लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न कमी खाल्ले जाते, आतड्यातील संप्रेरकांचे काम बदलते आणि मधुमेह आटोक्यात येण्यास मदत होते. तीव्र आम्लपित्त असलेल्यांना स्लीव्हनंतर तो त्रास वाढू शकतो. अशांसाठी बहुधा बायपासचा विचार होतो.

लाभ किती?

साधारणपणे वर्ष-दोन वर्षांत मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के वजन उतरते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने कमी आढळले. त्याच अभ्यासातील मधुमेही रुग्णांपैकी ७२ टक्के दोन वर्षांनंतर मधुमेहमुक्त होते. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. लाभ खरा आहे, पण तो टिकवावा लागतो, हेच या दोन आकड्यांतून दिसते.

धोके

अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या २००९ मधील अहवालात शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणे आणि टाक्यांच्या जागेतून गळती, हे सुरुवातीचे प्रमुख धोके होत. गळती रुग्ण घरी पोहोचल्यावरही होऊ शकते. नाडीचे ठोके सतत वाढलेले राहणे, ताप, पोटात किंवा खांद्यात दुखणे, धाप लागणे ही तिची लक्षणे आहेत. चाकूरहून लातूर तासाभरावर आहे. पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठायचे तर प्रवासात अर्धा दिवस किंवा रात्र जाते. म्हणून पहिले काही दिवस शस्त्रक्रिया झालेल्या शहरातच मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते.

पुढील काळात पित्ताशयात खडे होणे, केस गळणे, त्वचा लोंबणे, गोड पदार्थांनंतर घाम आणि चक्कर येणे असे त्रास संभवतात. लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ या जीवनसत्त्वांची उणीव ही तर कायमची टांगती तलवार असते. शाकाहारी रुग्णांत ब-१२ आधीच कमी असण्याची शक्यता मोठी. काहींना नैराश्य ग्रासते. त्याकडे ‘मनाचे खेळ’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

गावी परतल्यावर

पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग वाटलेले, मग मऊ आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. लातूर हा तुरीच्या डाळीचा मुलूख. वरण, मूग, दही, पनीर, अंडी यांतून ही गरज भागविता येते. मात्र ताटात आधी प्रथिने आणि मग भाकरी, हा नवा क्रम घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा लागतो. जेवताना पाणी पिऊ नये. दिवसभर घोट घोट प्यावे. पंगतीतला आग्रह येथे आजारास निमंत्रण देतो.

गावातील डॉक्टरांना शस्त्रक्रियेची माहिती असणे अत्यावश्यक आहे. सतत उलट्या झाल्यास ब-१ म्हणजे थायमिन झपाट्याने घटते. अशा वेळी थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले गेले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बायपासनंतर गुडघेदुखीसाठी घेतलेल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जोडाच्या ठिकाणी व्रण पडू शकतो. तंबाखू आणि धूम्रपानाचाही तोच धोका आहे. मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांची मात्रा तत्काळ कमी करावी लागू शकते. जुन्याच मात्रेने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची भीती असते. डिस्चार्ज कार्डाची प्रत गावातील डॉक्टरांकडे ठेवणे आणि एक स्वतःजवळ बाळगणे, ही साधी खबरदारी जीव वाचवू शकते. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. पहिल्या वर्षी ठरावीक महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्ततपासणी आवश्यक असते.

औषधे आणि विमा

तिर्झेपटाइड आणि वजन कमी करण्यासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाली. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के, तर तिर्झेपटाइडने कमाल मात्रेत सुमारे २१ टक्के वजन घटले. औषध थांबविल्यावर वजनाचा बराचसा भाग परततो. म्हणजे येथेही उपचार दीर्घकाळाचाच. कोणता मार्ग धरावा, हे आजाराची तीव्रता आणि खर्चाची तयारी पाहून ठरवावे.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या नमुना अटींनुसार विम्याचा लाभ बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ च्या पुढे आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, अशा प्रौढ रुग्णांपुरता आहे. त्यामुळे भारतीय निकषांनुसार पात्र ठरलेला ३३ बीएमआयचा मधुमेही रुग्णही विम्याबाहेर राहू शकतो. पॉलिसीतील अट आणि प्रतीक्षाकाळ आधी तपासावा.

शल्यचिकित्सकाची निवड करताना त्याने किती शस्त्रक्रिया केल्या, एवढेच विचारून थांबू नये. पाच वर्षांनंतर किती रुग्ण तपासणीस येतात, रात्री-अपरात्री दूरध्वनी कोण घेतो, गावातील डॉक्टरांशी कोण बोलेल, हेही विचारावे. या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे मिळाली आणि घरच्यांची साथ असली, तर शस्त्रक्रिया हा अतिस्थूलतेवरील प्रभावी उपचार ठरतो. ती सोय नसताना घाईने घेतलेला निर्णय रुग्णाला एका आजारातून दुसऱ्यात लोटू शकतो.