प्रिन्सेस बेच्या तळाशी पेरणी

बाह्या वर सारा आणि फोन इथेच ठेवा. कालवं वाढवायला शिकायचंय ना? मग न्यूयॉर्कच्या दक्षिणेला स्टेटन आयलंडवर चला, 1850 च्या आसपास. तिथे तुम्हाला एका कप्तानाच्या हाताखाली काम मिळालंय.

अजून उजाडायचं आहे. या वस्तीचं नाव सँडी ग्राउंड, आणि नावाप्रमाणेच पायाखाली वाळू भुसभुशीत. घराघरांतून लाकडाचा धूर निघतोय, डुकराच्या चरबीत मक्याची भाकरी चरचरतेय. अंगणात एक आजोबा पांढऱ्या ओकच्या ओल्या पट्ट्यांची टोपली विणत बसलेत. ओढून बसवलेली प्रत्येक पट्टी कुरकुरते. इथली बरीच कृष्णवर्णीय कुटुंबं मेरीलँडच्या स्नो हिलहून आलीत. तिकडच्या जाचक कायद्यांमुळे स्वतःची होडी चालवणं मुश्किल झालं होतं. इथे त्यांनी स्वतःची जमीन घेतली, स्वतःच्या होड्या पाण्यात घातल्या. म्हणून बंदराकडे निघालेली ही माणसं पहाटेही मोठमोठ्याने बोलतायत, हसतायत. तुम्हीही टोपली उचला आणि चालू लागा.

प्रिन्सेस बे या खाडीवर पोचलात की आधी डांबराचा वास येतो, मग ओल्या दोरखंडांचा, मग चिखलाचा. समोर दक्षिणेकडच्या चेसापीक उपसागरातून आलेलं शिडाचं जहाज उभं आहे. त्याच्या पोटात कालवांचं बी आहे, म्हणजे कोवळी, लहान कालवं. इथली नैसर्गिक कालवं कधीच ओरबाडून संपली. आता भाताची रोपं उपटून दुसऱ्या खाचरात लावावीत, तशी दक्षिणेकडची पिल्लं आणून या पाण्यात लावायची.

फावड्याकडे हात नेऊ नका, इतक्यात नाही! कप्तान आधी तुम्हाला छोट्या होडीत बसवतो आणि हातात चिमटा देतो. चिमटा म्हणजे तुमच्या दुपटीहून लांब दोन दांडे, मध्ये कात्रीसारखे जोडलेले, टोकाला लोखंडी दाते. पाणी गढूळ, तळ दिसत नाही. “हाताने बघ,” तो म्हणतो.

दांडे खाली सोडा. पहिल्या जागी ते अलगद रुततात. हा मऊ चिखल, इथे पेरलेलं कालव गुदमरून मरेल. होडी थोडी पुढे घ्या. आता दांड्यातून बारीक खरखर तळव्यात चढते, ती वाळू. आणखी पुढे टणक, तुटक ठोके लागतात आणि मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. ते जुने शिंपले! कप्तान मान डोलावतो. वाफा इथेच. चारी कोपऱ्यांना लांब खुंट ठोकले जातात, म्हणजे शेजाऱ्याशी तंटा नको.

जहाज वाफ्यावर आलंय, आता त्यावर चढा आणि घ्या फावडं. जहाजाच्या कठड्याशी उभे राहा आणि बी चहूकडे उधळा. ढीग पडता कामा नये, दाटीत वाढलेलं कालव वेडंवाकडं होतं. शिंपले खडखडतात, पाणी सपसपतं, कुणीतरी गाणं उचलतं आणि सगळ्यांची फावडी त्याच तालावर पडू लागतात. ऊन चढतं. मिठाने ओठ फुटतात, शिंपल्यांच्या धारेने बोटं चिरतात आणि त्या चिरांत पुन्हा मीठ जातं. खत नाही, चारा नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून कालव आपलं पोट स्वतः भरतं. तुम्ही फक्त राखण करायची. शिंपल्याला भोक पाडून आतलं मांस खाणारी गोगलगाय वेचायची आणि समुद्रतारा दिसला की किनाऱ्यावर आणून टाकायचा. त्याला तोडून पाण्यात फेकलंत तर घात कराल, कारण मधल्या चकतीचा भाग शाबूत राहिला तर तुकड्यापासूनही नवा तारा वाढतो.

काळप्रवासाची एक मजा असते, उन्हाळा ओलांडायला एक पाऊल पुरतं. हा बघा, शरद ऋतू आला. चिमट्याने वर ओढलेले चिखलाळ घोस फळीवर आदळतात. हातोडीने ते सुटे करा, लहान पुन्हा पाण्यात, मोठी टोपलीत. एक फोडून बघाच. बिजागरीत सुरीचं टोक रोवा, मनगट पिळा. कट्! आत करड्या रंगाचं गुबगुबीत मांस, भोवती स्वतःचंच खारं पाणी. पाणी न सांडता एका घोटात घ्या. आधी समुद्र, मग धातूसारखी चव, मग मागे रेंगाळणारा गोडवा.

टोपल्यांबरोबर मॅनहॅटनला गेलात तर ब्रॉड स्ट्रीटवर थॉमस डाउनिंगच्या तळघरात डोकवा. व्हर्जिनियातल्या चिंकोटीगचा हा कृष्णवर्णीय गृहस्थ कालवांच्या जोरावर शहरातला नामांकित खानावळवाला झाला. गालिचे, झुंबरं, लोण्यात शिजणाऱ्या कालवांचा दरवळ, आणि टेबलांवर दाटीने बसलेले बँकवाले आणि व्यापारी.

आता परत फिरू. पुढे शहराचं सांडपाणी या खाड्यांत उतरलं आणि 1916 मध्ये इथले वाफे बंद झाले. माणसं तीच होती, कसबही तेच होतं. बिघडलं ते पाणी. आज न्यूयॉर्कमध्ये ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ हॉटेलांतले रिकामे शिंपले गोळा करून त्यांवर पिल्लं बसवतो आणि ती बंदराच्या पाण्यात सोडतो. मेरीलँडमध्ये 2008 पासून खाडीकाठचे रहिवासी आपल्या धक्क्याला पिंजरे टांगून पिल्लं वाढवतात. पिंजरा अधूनमधून हलवून गाळ झाडायचा, शेवाळ काढायचं आणि साधारण वर्षभरात कालवं राखीव क्षेत्रात सोडायला द्यायची. ती खाण्यासाठी नसतात. पाणी गाळून स्वच्छ करणं, हेच त्यांचं पीक.

तुमचंही घर खाडीकाठी असेल तर पिंजऱ्याची ऑर्डर देण्याआधी पाण्याची चौकशी करा: ते किती खारं आहे, सांडपाणी कुठून येतं, परवाना कोण देतं. मग ओहोटीला एक लांब काठी घेऊन धक्क्यावर जा आणि ती तळाला टेकवा. ती रुतते, खरखरते की ठोका देते, हे ओळखता आलं की तुमची सुरुवात झाली.