सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत आज खुर्ची कुठून आली, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पण ‘मिलिंदप्रश्न’ आठवून पाहा. तिथे नागसेन राजा मिलिंदाला विचारतो : आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा दर वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की या भागांच्या आधाराने आपण ‘रथ’ हे नाव वापरतो. एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न एका कारखानदारासमोर अगदी व्यवहारी रूपात उभा राहिला. खुर्ची म्हणजे तिचे भाग, की त्या भागांची जोडणी?

मिखाएल थोनेट हा १७९६ साली ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावी जन्मलेला सुतार. १८४२ मध्ये तो व्हिएन्नाला गेला. त्याच्या काळची खुर्ची कशी बनत असे? एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक तिच्यात घट्ट बसवायचं आणि वर सरस लावायचा. या सांध्याची मजबुती कारागिराच्या हातावर असते, आणि सांधा एकदा बसला की खुर्ची आहे त्याच आकारात राहते. ती पाठवायची म्हणजे निम्म्याहून अधिक पोकळीच वाहून न्यायची!

थोनेटने सुरुवातीला लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने चिकटवून वाकवल्या. त्या खुर्च्या दिसायला सुंदर होत्या, पण समुद्रापार दमट हवेत सरस सुटू लागला. ही अडचण आपल्याला समजावून सांगायला नको. कोकणातला एक पावसाळा पुरे. मग त्याने बीचचं सबंध लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं तंत्र बसवलं. लाकूड दाब सोसतं, ताण सोसत नाही. वाकवताना बाहेरच्या अंगाने फाटतं. म्हणून त्या बाजूला पोलादी पट्टी आवळून वाकवायचं. या तंत्राचा हक्क त्याला १८५६ मध्ये मिळाला. पुढे मोरावियात, बीचच्या जंगलाजवळ, कोरित्शान इथे कारखाना उभा राहिला.

१८५९ मध्ये त्याची चौदा नंबरची खुर्ची आली. तिचे सहा भाग : पाठ आणि मागचे दोन पाय मिळून एकच वाकवलेला दांडा, पाठीतली आतली कमान, बैठकीचं कडं, पुढचे दोन पाय, आणि पुढच्या काळात पायांना बांधून ठेवणारं खालचं कडं. जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. एक घनमीटर खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत. खोकं मुक्कामी पोचलं की तिथेच जोडायच्या. आता नागसेनाने विचारलं असतं : खोक्यात खुर्च्या आहेत का? उत्तर असं की खुर्च्या होण्याची पूर्ण तयारी आहे; कारण प्रत्येक भाग दुसऱ्याला कुठे आणि कसा भेटणार, हे कारखान्यातच ठरलेलं आहे.

या ठरण्यातच खरी गोष्ट आहे. सुताराच्या सांध्यात दोन तुकडे एकमेकांसाठीच तासलेले असतात. इथे कुठलाही पाय कुठल्याही कड्याला बसला पाहिजे. म्हणजे कौशल्य हातातून मापात गेलं. त्याची किंमत कुणी दिली? कारखान्यात वाकवणारा वेगळा, घासणारा वेगळा. वेत विणण्याचं आणि पॉलिशचं काम पुष्कळसं स्त्रियांकडे. अख्खी खुर्ची घडवणारा माणूस तिथे लागतच नव्हता. ही हानी लहान नाही, आपण ती लपवू नये.

पण दुसऱ्या पारड्यातही काही आहे. खुर्ची स्वस्त झाली, कॉफीगृहांत पोचली. १८६९ मध्ये हक्काची मुदत संपल्यावर इतरही कारखाने तसल्याच खुर्च्या करू लागले. १९३० पर्यंत चौदा नंबरच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या, असं सांगतात. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच कुळातल्या. त्या इतकी वर्षं का टिकल्या? एक कारण असं, की स्क्रू सैल झाला तर तो पुन्हा आवळता येतो. जोडणी उघडी आहे, दिसते आहे. दुरुस्तीला कारखान्याची परवानगी लागत नाही.

आज आपल्याकडेही सुटं फर्निचर घरी येतं आणि आपण ते जोडतो. वरवर पाहता तीच कल्पना. पण भुशाच्या दाबलेल्या फळीत स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की भोक मोठं होतं आणि पकड जाते. घर बदललं की कपाट लंगडं! म्हणजे ही जोडणी एकदाच होण्यासाठी केलेली आहे. सुटं करणं ही विक्रेत्याची सोय, वापरणाऱ्याची नव्हे. म्हणून वस्तू घेताना ती कशी जोडायची एवढंच न विचारता, ती सोडवून पुन्हा जोडता येईल का, हेही आपण विचारावं. थोनेटच्या खुर्चीत दोन्हींचं उत्तर त्याच दहा स्क्रूंनी दिलं होतं.